सोनखताच्या ट्रॉलीत पॉलिस्टरचे धागे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नवं मैलाशुद्धीकरण केंद्र सुरू झालं की वर्तमानपत्रात एक ठरलेला फोटो येतो. पाहुण्यांच्या हातात काचेचा ग्लास, ग्लासात शुद्ध केलेलं पाणी, मागे झेंडूच्या माळा गुंडाळलेला टाकीचा कठडा. त्या ग्लासाबद्दल माझी तक्रार नाही. असे ग्लास भरून देण्याचं काम मी एकतीस वर्षं केलं. मी लिहितोय ते त्या फोटोत कधीच न येणाऱ्या मालाबद्दल, म्हणजे केंद्राच्या मागच्या फाटकातून ट्रॉली भरभरून बाहेर जाणाऱ्या काळ्या गाळाबद्दल.

मी १९८९ मध्ये पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहराच्या शुद्धीकरण केंद्रावर प्रयोगशाळा सहायक म्हणून लागलो आणि २०२० मध्ये, ऐन टाळेबंदीत, नारळ-शाल न घेताच निवृत्त झालो. काम ठरलेलं होतं. सकाळी येणाऱ्या पाण्याची एक बाटली, जाणाऱ्या पाण्याची एक बाटली, एरेशन टाकीतलं (जिथे मैल्यात हवा सोडतात) एक भांडं. बीओडी, सीओडी (पाण्यातली घाण किती प्राणवायू खाईल त्याची मापं) आणि टीएसएस (पाण्यात न विरघळता राहिलेले कण) काढायचं, वहीत लिहायचं, साहेबांची सही घ्यायची. वासाचं म्हणाल तर आठ दिवसांत नाक सरावतं. बायकोचं नाक मात्र एकतीस वर्षांत सरावलं नाही. घरी आल्यावर मागच्या दारानं थेट मोरीत, हा नियम शेवटच्या दिवसापर्यंत होता.

लोकांना वाटतं, केंद्रात घाण पाणी जातं, स्वच्छ पाणी बाहेर येतं, म्हणजे घाण संपली. ती संपत नाही. थोडी जिवाणू खातात, थोडी हवेत जाते आणि उरलेली तळाला बसते. सुरुवातीला जाळीवर चिंध्या, पिशव्या, गुटख्याच्या पुड्या अडकतात. मग वाळूच्या टाकीत वाळू बसते. पुढच्या मोठ्या गोल टाकीत जड घाण तळाशी जाते, वर तरंगणारं तेलकट सायीसारखं फावड्यानं ओढून काढतात. एरेशनमध्ये जिवाणू वाढतात आणि मरतात, त्यांचाही गाळच होतो. हा सगळा गाळ घट्ट करून सेंट्रिफ्यूजमधून फिरवला की खाली पडतो त्याला आम्ही 'केक' म्हणायचो. वाढदिवसाला केक आला की आमच्या खात्यातली माणसं एकमेकांकडे बघून हसत. पाच भागांत चार भाग पाणीच, तरी हातात धरलं तर मळलेल्या कणकेसारखा गोळा होतो.

या केकला गिऱ्हाईक होतं आणि आहे. शेणखताची ट्रॉली आता कुणाला परवडते? गोठेच राहिले नाहीत तर शेण कुठून यायचं? गाळात नत्र असतं, स्फुरद असतं, जमीन भुसभुशीत होते. आमच्या आजोबांच्या पिढीत मैल्याचं कुजवलेलं खत 'सोनखत' म्हणूनच ओळखलं जायचं आणि त्यासाठी नगरपालिकेच्या खड्ड्यांचे लिलाव व्हायचे. मी लागलो तेव्हा सेंट्रिफ्यूज नव्हतं. वाळूच्या वाफ्यांवर गाळ पसरून उन्हात वाळवायचो. दर हिवाळ्यात त्या वाफ्यांवर आपोआप टोमॅटोची रोपं उगवायची, कारण टोमॅटोचं बी माणसाच्या पोटातून, गटारातून, टाक्यांतून फिरूनही जिवंत राहतं. फळं लालबुंद, मोठाली. आम्ही कुणी तोंडात घातली नाहीत, पण रखवालदाराची बायको पाटी भरून न्यायची. ते टोमॅटो ती कुठे विकायची हे आम्ही कधी विचारलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. २०११ मध्ये माझ्या धाकट्या भावाला हा गाळ घ्यायला मीच सांगितलं. आमचं गाव शहरापासून चौदा किलोमीटरवर, वडिलोपार्जित पावणेतीन एकर. भावानं शहाऐंशी शून्य बत्तीस जातीच्या उसाची लागण केली होती आणि जमीन चिकट, पाणी धरून बसणारी. मी म्हटलं, आमच्याकडचा गाळ ने, फुकट आहे, फक्त ट्रॅक्टरचं भाडं दे. मी स्वतः तपासतो, चिंता करू नकोस. ऊस खरोखर तरारला. २०११ ते २०२० या नऊ वर्षांत त्यानं सत्तावीस ट्रॉल्या नेल्या. आकडा इतका नेमका कारण ट्रॅक्टरवाल्याच्या भाड्याची वही भावजयीनं जपून ठेवली आहे. केंद्राच्या वहीत तो आकडा मिळणार नाही. तिथं नुसतं 'गाळ उचलला' एवढंच लिहिलेलं असतं.

गेल्या मे महिन्यात खोडवा मोडून नांगरट केली तेव्हा मी गावी होतो. ढेकळं उन्हात तापून फुटली होती. भावजय धसकटं वेचत होती, तिनं ओंजळीत काहीतरी आणून माझ्यापुढे धरलं. कान कोरायच्या काडीची निळी नळी, शाम्पूच्या पुडीचा चंदेरी कोपरा, एक मखमली टिकली (मखमल गेलेली, खालचं प्लास्टिक शाबूत). म्हणाली, "आप्पा, आमच्या रानात ह्या टिकल्या कुणी लावल्या?" भाऊ बांधावर बसून तंबाखू मळत होता. मान वर न करता म्हणाला, "दादाच्या ऑफिसातून आल्यात त्या."

हसण्यावारी गेलं, पण रात्री झोप लागली नाही. डोळ्यांना दिसतं ते वेचता येतं, भावजयीनं वेचलंच. मला आठवत होती प्रयोगशाळेतली गाळण कागदाची चकती. टीएसएस काढताना आम्ही पाणी काचतंतूंच्या गाळण कागदातून ओढून, कागद १०५ अंशांवर वाळवून, त्याचं वजन करायचो. त्या करड्या थरात लाल, निळे, काळे बारीक धागे दिसायचे, केसाहूनही बारीक. रोज दिसायचे. कितीदा तरी चिमट्यानं एखादा उचलून टाकला असेल, वजनात फरक नको म्हणून. वहीत वजनाचा रकाना होता, त्यात मिलिग्रॅम लिहिले. धाग्यांचा रकाना नव्हता.

याहून मोठी गंमत पुढे आहे. गाळात सेंद्रिय भाग किती हे काढताना तो भट्टीत ५५० अंशांवर जाळतात. जळून गेलं ते सेंद्रिय, उरली ती राख. प्लास्टिकही त्या भट्टीत जळून जातं, म्हणजे आमच्या हिशेबात ते सेंद्रिय पदार्थ म्हणून जमा व्हायचं! शेतकऱ्याला आम्ही सांगत होतो, गाळात सेंद्रिय भाग चांगला आहे. त्यातला थोडा भाग टेरिकॉट होता.

घरी परत येताना मी तीन पिशव्या माती आणली. एक बांधावर पडून राहिलेल्या जुन्या गाळाच्या ढिगातली, एक गाळ घातलेल्या वावरातली, एक विहिरीमागच्या तुकड्यातली, जिथे गाळ कधीच घातला नाही. आठवीतल्या नातीचं शाळेच्या प्रदर्शनासाठी घेतलेलं सूक्ष्मदर्शक होतंच. मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणलं, माती त्यात दोन दिवस फसफसू दिली, म्हणजे काडीकचरा बराचसा विरघळतो. मग अर्धा लिटर पाण्यात पावणेदोनशे ग्रॅम मीठ विरघळवलं. असं पाणी साध्या पाण्यापेक्षा जड होतं, त्यात पिशव्यांचं पॉलिथिन, दोऱ्यांचं पॉलिप्रॉपिलीन, नायलॉनसुद्धा वर येतं. पॉलिस्टर येत नाही, ते मिठाच्या पाण्याहूनही जड असतं, म्हणून तळातला गाळसाही वेगळा काढून पाहिला.

बांधावरच्या ढिगातला एक चमचा भिंगाखाली ठेवला आणि नात मोजायला बसली. थोड्या वेळानं कंटाळून म्हणाली, "आजोबा, ही माती आहे की शिंप्याचा केर?" लाल, निळा, आकाशी, काळा, एक भगवा. मी सुई गॅसवर लाल करून त्यांना एकेक करून टेकवली. सुती धागा असेल तर काळा पडून जळतो. हे धागे सुई जवळ नेताच आक्रसायचे, टोकाला गुठळी व्हायची. गाळ घातलेल्या वावराच्या मातीतही होते, ढिगापेक्षा कमी, पण शोधावे लागत नव्हते. विहिरीमागच्या मातीत दोन सापडले. ते बहुधा आमच्याच अंगावरच्या कपड्यांचे. नातीच्या अंगात ट्रॅकसूट होता. दुसऱ्या दिवशी तिला सुती फ्रॉक घालायला लावून पुन्हा केलं, तर एकही आला नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्यावरचा हा प्रयोग मी पुरावा म्हणून मांडत नाही. माझ्यापुरता तो पुरेसा होता.

हे नवं काही नाही, आपल्याकडे नवं आहे. पाच मिलिमीटरहून लहान तुकड्यांना मायक्रोप्लास्टिक म्हणायची पद्धत रूढ झाली ती इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या रिचर्ड थॉम्पसन यांच्या २००४ मधल्या कामानंतर. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की ज्या शेतात मैलागाळ पडला होता तिथे पंधरा वर्षांनंतरही कृत्रिम धागे मातीत ओळखता येतात. म्हणजे कुठल्या रानात गाळ पडला होता हे विचारायला शेतकऱ्याकडे जायला नको, मातीच सांगते. ग्लासगोच्या एका मोठ्या केंद्राचा अभ्यास २०१६ मध्ये आला. येणाऱ्या पाण्यातलं ९८ टक्क्यांहून जास्त मायक्रोप्लास्टिक केंद्र अडवतं, असं त्यात निघालं. तरी राहिलेल्या दीड-पावणेदोन टक्क्यांतून रोज साडेसहा कोटी कण नदीत जात होते. बातम्यांत हा दुसरा आकडा गाजला. माझ्यासारख्याला पहिला आकडा बोचतो. अडवलं म्हणजे ठेवलं कुठे? गाळात. केंद्र जितकं चांगलं चालेल तितका गाळ जास्त धाग्यांचा. आमच्या केंद्राला चांगल्या कामाबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं होतं, ते अजून प्रयोगशाळेच्या भिंतीवर असेल.

आयर्लंडमध्ये सात केंद्रांच्या गाळाची मोजणी झाली, २०१७ मध्ये छापून आली. एक किलो सुक्या गाळात चार हजार दोनशेपासून पंधरा हजारांवर कण. मी सवयीनं हिशेब केला. आमच्याकडची ट्रॉली तीन टनांची धरली तर त्यात सुका गाळ सहाशे किलो. आयरिश आकडा लावला तर एका ट्रॉलीत कमीत कमी पंचवीस लाख आणि जास्तीत जास्त ब्याण्णव लाख कण. सत्तावीस ट्रॉल्यांचा गुणाकार मी केला नाही. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती जी आपल्याकडच्या अभियंत्यांनी वाचावी. वास आणि जंतू मारायला गाळात चुना मिसळतात, आपल्याकडेही मिसळतात. चुन्याच्या गाळात कण संख्येनं जास्त आणि आकारानं बारीक सापडले, म्हणजे उपचारानंच ते आणखी फुटतात असं दिसतं.

जंतूंसाठी अणुऊर्जेचा चांगला उपाय आपल्याकडे आहे. ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रानं अहमदाबादेत कोबाल्ट-६० च्या किरणांखालून गाळ नेऊन तो निर्जंतुक करतात. उत्तम काम आहे, माझी त्याला दाद आहे. पण किरणांनी जंतू मरतात, पॉलिस्टर जिवंतच नसतं तर मरणार कसं?

एवढे धागे येतात कुठून, असं भावानं विचारलं. मी त्याच्याच दोरीकडे बोट दाखवलं. दोरीवर वाळत होतं ते सगळं तिथून आलेलं. पोरांचे गणवेश टेरिकॉटचे, पुतण्याचे घाम सुकवणारे टी-शर्ट, सुनेच्या जॉर्जेटच्या साड्या, गाऊन, मऊ लोकरीसारखी दिसणारी पॉलिस्टरची पांघरुणं. प्लिमथलाच २०१६ मध्ये मोजलं होतं : सहा किलो कपड्यांच्या एका धुण्यात ॲक्रिलिकचे सात लाखांवर धागे सुटतात, पॉलिस्टरचे पाच लाखांच्या आसपास. त्यात भांडी घासायची हिरवी घासणी मिळवा, ती महिन्याभरात झिजून निम्मी होते, ती निम्मी कुठे गेली? रस्त्यावर टायर झिजतात, पहिल्या पावसात ते काळं पीठ गटारात उतरतं. गोव्याच्या साळ नदीच्या मुखाजवळ दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं हे कण पाण्यात, गाळात आणि शिंपल्यांत शोधले तेव्हा टायरचं काळं रबर त्यांत होतंच.

वॉशिंग मशिनला गाळणी बसवली तर बराच फरक पडेल. फ्रान्सनं २०२० मध्ये तसा कायदाच केला. मी घरी जुन्या धोतराचं फडकं मशिनच्या पाइपाला बांधून पाहिलं. तिसऱ्या धुण्याला फडकं चोंदलं, मोरी तुंबली आणि बायकोनं फडक्यासकट माझं संशोधन बाहेर काढलं. तरी त्या फडक्यावर जमलेला करडा, मऊ थर मी वाळवून डबीत ठेवला आहे.

आता नियमांचं. सांडपाणी केंद्रांतून सोडायच्या पाण्याचे केंद्र सरकारचे निकष ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेत आहेत. सामू, बीओडी, टीएसएस आणि मैल्याचे जिवाणू. प्लास्टिक नाही. खताचं म्हणाल तर १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टचे निकष आहेत. शिसं १००, कॅडमियम ५, जस्त १००० मिलिग्रॅम किलोमागे, वगैरे जड धातूंची यादी नीट दिली आहे. सूक्ष्म प्लास्टिकचा रकाना नाही. उलट कणांच्या आकाराची अट अशी की नव्वद टक्के माल चार मिलिमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे. म्हणजे ज्याला जग पाच मिलिमीटरहून लहान म्हणून मायक्रोप्लास्टिक म्हणतं, तेच चाळणीतून सुखरूप खाली उतरतं आणि माल 'बारीक, एकसारखा' म्हणून पास होतो. आणि ही अट पिशवीत भरून विकल्या जाणाऱ्या कंपोस्टला. ट्रॉलीत घालून फुकट दिलेल्या ओल्या केकला विचारतो कोण?

पिकाचं आणि पोटाचं काय, हा प्रश्न मला गावात चावडीवर विचारला गेला. घाबरवणं मला जमत नाही. गहू आणि लेट्यूस या पिकांत अतिसूक्ष्म प्लास्टिकचे कण मुळांच्या नव्या फुटव्यापाशी असलेल्या बारीक भेगांतून आत जातात, हे २०२० मध्ये प्रयोगात दिसलं. ते कण आमच्या धाग्यांहून कितीतरी लहान होते, दोन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि त्याखालचे. पण मोठा धागाच झिजून लहान होतो. गांडुळं हे कण बिळातून खाली ओढून नेतात, त्यामुळे नांगरटीच्या खालच्या थरातही ते पोचतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२४ मध्ये अन्नातल्या सूक्ष्म प्लास्टिकचा शोध घ्यायचा प्रकल्प सुरू केला आहे. चांगलं आहे. पण ताटात शोधायला लागलो ते रानात कुठून आलं, हेही बघायला हवं.

गावातल्या एका हुशार माणसानं मला लगेच कापलं. म्हणाला, "आप्पा, तुमच्या गाळाचं काय घेऊन बसलात, मल्चिंग पेपर बघा की." खरं आहे. टोमॅटो, मिरची, कलिंगडाला अंथरलेला तो काळा-चंदेरी कागद पंचवीस-तीस मायक्रॉनचा असतो, सरकारी अनुदानावर येतो, हंगाम संपला की अर्धा फाटून मातीतच राहतो. आमच्या तालुक्यात गाळापेक्षा मल्चिंगचं प्लास्टिक नक्की जास्त असेल. माझं म्हणणं एवढंच की मल्चिंग त्यानं दुकानातून पैसे मोजून आणलं, ते प्लास्टिक आहे हे त्याला ठाऊक आहे. गाळ घेताना माझ्या भावाला कुणी सांगितलं होतं? मी तर सांगितलं नाहीच, वर 'मी तपासतो' म्हणून हमी दिली.

मग काय, गाळ शेतात घालणं बंद करायचं? स्वित्झर्लंडनं २००६ पर्यंत ते पूर्ण थांबवलं, आता जाळतात. अमेरिकेतल्या मेन राज्यानं २०२२ मध्ये बंदी घातली, तिथं कारण वेगळं होतं, सहजी न विघटणारी पीफास रसायनं. आपण उद्या तसं केलं तर मला भीती दुसरीच आहे. जाळायचं म्हटलं तर पाच भागांतलं चार भाग पाणी आधी आटवायला इंधन हवं. ज्या केंद्राचं वीजबिल थकतं तिथं भट्टी कोण चालवणार? शेतकऱ्यानं गाळ नेणं बंद केलं की तो टाक्यांत साचतो, आणि साचलेला गाळ पावसाळ्यात एका रात्रीत कसा कमी होतो हे केंद्रावर काम केलेल्या माणसाला विचारा. नदीत जाण्यापेक्षा तो शेतात गेलेला बरा, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं समजावलं आहे. शिवाय त्यातलं स्फुरद फेकून देण्यासारखं नाही, आपण तेच परदेशातून जहाजं भरून आणतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हिशेबात देशातल्या शहरांत रोज बहात्तर हजार दशलक्ष लिटरवर सांडपाणी तयार होतं आणि शुद्ध करायची यंत्रणा त्याच्या निम्म्याहून कमी. हे २०२०-२१ चे आकडे. उरलेली केंद्रं बांधली जातील, बांधलीच पाहिजेत. मग आजच्या दुप्पट गाळ मागच्या फाटकातून बाहेर पडेल.

माझी मागणी त्यामानानं फार किरकोळ आहे आणि तिला निविदा लागत नाही. वहीत एक रकाना वाढवा. कुठल्या गावातल्या कुठल्या गट नंबरात, कुठल्या तारखेला, किती ट्रॉल्या गाळ गेला. एवढं लिहा. पंधरा वर्षं जे मातीत राहतं, ते कुठे टाकलं याची नोंद पंधरा वर्षं राहिली पाहिजे. सातबाऱ्यावर विहीर, बोअर, आंब्याची झाडं लिहितो, मग गाळ का नाही, असं एका तलाठी भाऊसाहेबांना विचारलं तर ते नुसते हसले. ठीक आहे, सातबारा राहू दे, केंद्राच्या वहीत तरी लिहा. आज उद्या कुणी संशोधक आपल्याकडे मोजायला आला तर त्याला गाळ घातलेलं रान आणि न घातलेलं रान वेगळं दाखवता आलं पाहिजे. नागपूरला नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, पुण्यात पॉलिमरवर आयुष्य घालवलेली माणसं राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आहेत, कृषी विद्यापीठं आहेत. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, प्रत्येक मोठ्या केंद्राचा एक किलो गाळ त्यांच्याकडे गेला तर आयर्लंडचे आकडे उसने घ्यावे लागणार नाहीत. आणि ट्रॉली भरताना शेतकऱ्याच्या हातात मराठीत एक चिठ्ठी द्या, की यात काय आहे, भाजीपाल्याला घालू नये, चुना मिसळलेला आहे की नाही. फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर लाल त्रिकोण छापतो, इथं एक कागद छापायला हरकत नसावी.

भावाची नोंद मी माझ्या परीनं केली आहे. भाड्याच्या वहीवरून तारखा उतरवल्या, कुठल्या वावरात कुठली ट्रॉली पडली हे त्याला आणि भावजयीला आठवत होतं त्याप्रमाणे शेताचा नकाशा काढला, त्यावर आकडे घातले. पूर्वेच्या वावरात एकोणीस, विहिरीच्या अलीकडच्या पट्टीत आठ. त्या पट्टीत पुतण्या आता मेथी करत होता, ती थांबवून त्यानं तिथं कडवळ केलंय. भाऊ नकाशा बघून म्हणाला, "दादा, हे तू दहा वर्षं आधी काढायला हवं होतंस." त्यावर मी काही बोललो नाही.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक

ता. क. नाव-गाव कृपया छापू नये. मला स्वतःला लाज वाटण्यासारखं काही नाही, लिहायला उशीर झाला एवढंच. पण भावजय दर गुरुवारी बाजारात भाजी घेऊन बसते, ती भाजी दुसऱ्या वावरातली आहे. छापून आलं की गिऱ्हाइकाला वावर वेगळं सांगता येत नाही.